जाम झालेले ब्रेकचे निपल आणि पाइपचे नट न तोडता कसे खोलायचे

रविवारी सकाळी अंगणात ब्रेक पॅड बदलायला बसलेला माणूस दुपारी दोन वाजता मोटारसायकल काढून उघडं असलेलं पार्टसचं दुकान शोधत फिरतो. गाडी स्टँडवर, चाक निंबाखाली, आणि खिशात कागदात गुंडाळलेला ब्लीडर निपलचा अर्धा तुकडा. उरलेला अर्धा कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात. विचारलं की उत्तर ठरलेलं: "जोर तर काही फार लावला नव्हता भाऊ."

खरंच लावलेला नसतो. निपल आतून पोकळ असतो, त्याला तुटायला फार जोर लागतच नाही. चुकीचा पाना, कोरडे आटे आणि एकाच दिशेने दिलेला रेटा, एवढं पुरतं. काम अवघड नाही, पण त्याला एक रात्र लागते. ती रात्र वाचवायला जाणारा माणूसच पुढे दोन दिवस घालवतो.

इथे तीनच गोष्टींबद्दल लिहितोय. एक, ब्रेकच्या पाइपांतली हवा काढायचा ब्लीडर निपल. दोन, लोखंडी ब्रेक पाइपच्या टोकाचा नट. तीन, रबरी होज कॅलिपरला धरून ठेवणारा पोकळ बोल्ट, ज्याला बॅन्जो बोल्ट म्हणतात. एबीएसच्या (चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) ब्लॉकवरचे आणि मास्टर सिलिंडरवरचे (पेडलला जोडलेल्या मुख्य सिलिंडरवरचे) नट जाम असतील तर घरी हात लावू नका. तिथे एक नट बिघडला तर अख्खा महागडा भाग बदलावा लागतो.

## आधी गाडी ओळखा

आपल्या खानदेशात समुद्र नाही, बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकायची भानगड नाही. तरी हे भाग जाम होतात, आणि त्याच्या मुख्य दोन तऱ्हा आहेत.

पहिली तऱ्हा शेतात जाणाऱ्या गाडीची. रावेर-यावलच्या केळीच्या बागा असोत की धुळ्याकडचं कपाशीचं शेत, पावसाळ्यात काळी माती चाकाच्या आत थापली जाते. ती वाळली तरी आतून ओल धरून बसते. निपलवरची रबरी टोपी पडलेली असेल तर चिखल थेट भोकात. दुसरी तऱ्हा उभ्या गाडीची. मुलगा पुण्याला किंवा सुरतला, गाडी गावी शेडमध्ये, आखाजीला (अक्षय तृतीयेला) आणि दिवाळीला बाहेर निघते. अशा गाडीचा गंज वरून फारसा दिसत नाही, पण आट्यांमध्ये बसलेला असतो.

शिवाय मुंबईहून किंवा किनाऱ्याकडून सेकंडहँड आणलेली गाडी असेल तर तिला वेगळा नियम लावा. तिच्या लोखंडी पाइपांवर बोट फिरवून पाहा. पापुद्रे निघत असतील, फोड आले असतील, तर नट सोडवायच्या नादी न लागता पाइपच बदलायचा असं धरून चाला. गंजून पातळ झालेला पाइप वाचवण्यात शहाणपण नाही.

## टप्पा १: सामान आणायच्या आधी निपल हलतात का ते बघा

सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच. लोक पॅड आणतात, चाक काढतात, कॅलिपर सोडतात, पिस्टन मागे दाबतात, आणि सगळ्यात शेवटी हवा काढायला निपलला पाना लावतात. तो हलत नाही. आता गाडी अर्धवट उघडी आणि दुकान बंद.

क्रम उलटा ठेवा. कामाच्या किमान एक दिवस आधी चारही निपल, आणि काढायचे असतील ते पाइपचे नट, डोळ्यांनी तपासा. टोपी आहे का, षटकोनाच्या कडा शाबूत आहेत का, आधी कोणी पक्कड लावून चावलेत का? चावलेले असतील तर नवीन निपल आधीच आणून ठेवा. स्वस्त वस्तू आहे. आट्याचं माप गाडीगाडीला वेगळं असतं, म्हणून दुकानात गाडीचं मॉडेल आणि साल सांगा, नुसतं "दहाचा द्या" म्हणू नका.

दुसरी गोष्ट, जे काही घट्ट आहे ते कॅलिपर गाडीला बोल्टने बांधलेला असतानाच ढिलं करा. सुटलेला कॅलिपर एका हातात धरून दुसऱ्या हाताने जोर लावला की पाना घसरतोच, आणि लोंबकळणाऱ्या होजला पीळ बसतो तो वेगळाच.

## टप्पा २: गाडी उभी करणं

काळ्या मातीच्या अंगणात जॅक थेट जमिनीवर लावू नका. वरून कडक दिसणारी माती जॅकचं एक टोक गिळते आणि गाडी तिरकी होते. खाली फरशी किंवा किमान दीड-दोन इंच जाडीची रुंद फळी घ्या. जॅकवर गाडी फक्त उचलायची, तोलायची स्टँडवर. विटांवर नाही, वीट एका क्षणात फुटते.

मागच्या ड्रमचं काम असेल तर हँडब्रेक सोडावा लागतो. म्हणून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. फक्त पुढच्या बाजूने लावलेला दगड मोजू नका.

तपासा: स्टँडवर ठेवल्यावर गाडी हाताने जोरात हलवून बघा. आत्ता हलली तर बरं, तुम्ही खाली असताना हलायला नको.

## टप्पा ३: पाने

या कामात पैसे खर्च करायचे असतील तर ते इथे करा.

साधा फिक्स पाना नटाला दोनच बाजूंनी धरतो. बारा कोनी रिंग पाना धरतो बारीक टोकांवर, आणि गंजाने कडा झिजल्या असतील तर तिथूनच घसरतो. निपलला सहा कोनी गोटी (सॉकेट) लागते. ती षटकोनाच्या सहाही सपाट बाजूंवर बसते. पाइपच्या नटावर गोटी जाणार नाही, कारण मध्ये पाइप आहे. त्यासाठी फ्लेअर नट पाना मिळतो: रिंग पानाच, पण पाइप आत जाईल एवढी फट कापलेला. पुष्कळ गाड्यांना १० आणि ११ चा लागतो, निपलला ७ पासून ११ पर्यंत काहीही असू शकतं. अंदाजाने घेऊ नका, आधी घासून मग मोजा, कारण गंजाचा थर माप खोटं दाखवतो.

बाकीचं सामान: तारेचा लहान ब्रश आणि जुना दात घासायचा ब्रश, पाव किलोच्या आतली हातोडी, पितळी पंच किंवा पितळेचा तुकडा, गंज सोडवणारं तेल, सिरिंज, ब्रेक क्लीनर, निपलच्या भोकात बसतील अशा एक-दोन जुन्या ड्रिल बिट, बंद डब्यातलं नवीन ब्रेक ऑइल, चष्मा आणि बादलीभर पाणी. ब्रेक ऑइल रंगावर पडलं तर रंग उचलतं. पुसत बसू नका, लगेच पाणी ओता. डोळ्यात गेलं तर भरपूर पाण्याने धुवा आणि डॉक्टरकडे जा.

माझा पहिला निपल मी बारा कोनी रिंगने गोल केला होता. मागचं डावं चाक, दुपारची वेळ, आणि ओट्यावर काका बसलेले. कोना गेल्यावर मी पक्कड लावली, पक्कड घसरल्यावर मोठी पक्कड लावली, आणि मग तो बारीक आवाज आला. काकांनी मान वर न करता विचारलं, "तुटी गयं ना?" तेव्हा सहा कोनी गोटी माझ्याकडे होती. आत पेटीत होती, आणायला उठायचा कंटाळा केला एवढंच.

थांबा: पान्यावर लांब पाइप घालून जोर वाढवायचा विचार डोक्यातून काढा. ८ मिमी आट्याचा निपल घट्ट करायला साधारण ८ न्यूटन मीटर पुरतात, म्हणजे १० सेंमीच्या पान्यावर जेमतेम ८ किलोचा जोर. तोच जोर ६० सेंमीच्या पाइपवर दिला की निपलवर सहापट येतो.

## टप्पा ४: घासणं

आधी ओलं करा, मग घासा. ड्रमच्या लायनरची आणि पॅडची भुकटी छातीत जायला नको. कॉम्प्रेसरने हवा तर मारूच नका, पाण्याने किंवा ब्रेक क्लीनरने ओली करून पुसून घ्या. तोंडाला रुमाल नको, मास्क लावा.

निपलच्या बुडाशी, जिथे तो कॅलिपरमध्ये शिरतो, तिथला काळ्या मातीचा गोळा टोकदार वस्तूने उकरून काढा. तेल आट्यांत उतरणार ते याच फटीतून, ती चिखलाने बंद असेल तर बाटलीभर तेलही वरूनच वाहून जाईल. ब्रशने तोवर घासा जोवर धातू आणि धातूमधली गोल रेघ दिसत नाही. पाइपच्या नटाला अशा दोन फटी असतात: एक नट जिथे शिरतो तिथे, दुसरी नट आणि पाइप यांच्यामध्ये. दुसरी बहुतेक सगळे विसरतात, आणि पाइप पिळतो तो तिच्यामुळेच.

निपलचं भोक बारीक तारेने मोकळं करा. निपल सुटला तरी भोक बुजलेलं असेल तर ऑइल येणार नाही आणि तुम्ही उगाच आणखी ढिला करत बसाल.

## टप्पा ५: तेल आणि रात्र

गाडी आठ-दहा किलोमीटर फिरवून आणा आणि धातू हाताला सोसेल एवढा कोमट झाला की तेल सोडा. निवताना ते आत ओढलं जातं. धातू चटका देत असेल तर थांबा, ही तेलं पेटतात.

स्प्रे सरळ मारू नका. डिस्कवर किंवा पॅडवर तेल उडालं तर पॅड गेलेच म्हणून समजा. डिस्क प्लास्टिकच्या पिशवीने झाका, तेल झाकणात काढून सिरिंजने फटीवर थेंब थेंब सोडा. संध्याकाळी एकदा, झोपायच्या आधी एकदा, पहाटे एकदा. मधल्या वेळात मस्त भरीत-भाकरी खा, पान्याकडे बघू नका.

कोणतं तेल? गंज सोडवण्यासाठीच बनवलेलं असेल तर उत्तम. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं एटीएफ तेल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं मिसळूनही चांगलं काम होतं. फक्त ते उडून जातं आणि चटकन पेट घेतं, म्हणून लागेल तेवढंच बनवा आणि बिडी-सिगारेट लांब ठेवा. डिझेल, रॉकेल काहीच नसण्यापेक्षा बरं, इतकंच. डब्ल्यूडी-४० ची नेहमीची बाटली माझ्या मते या कामाला दुबळी आहे, पण तीन वेळा आणि रात्रभर दिली तर तीही साधते.

लक्षात ठेवा: ही सगळी खनिज तेलं ब्रेकच्या आतल्या रबराची शत्रू आहेत. रबर फुगतं आणि ब्रेक धरून राहतो. निपल उघडल्यावर बुडाशी साचलेलं तेल आत जायच्या आधी पुसून काढा, आणि पहिलं थोडं ब्रेक ऑइल बाहेर वाहू द्या.

## टप्पा ६: हातोडी

तेल आत जातं ते गंजाला बारीक तडा गेल्यावर. तो तडा पाडायचं काम हातोडीचं. निपलच्या भोकात बसेल तशी जुनी ड्रिल बिट उलटी घाला, गुळगुळीत दांडी आत, म्हणजे तोंड चेपणार नाही. वरून पितळी पंच ठेवून हलक्या पंधरा-वीस टिचक्या द्या, सरळ आट्यांच्या रेषेत. सोनाराची हातोडी चालते तशी, लोहाराची नाही. मग तेल. मग पुन्हा टिचक्या. कॅलिपर ॲल्युमिनियमचा असेल तर हात अजून हलका ठेवा.

पाइपच्या नटाच्या सपाट बाजूंवर टिचक्या द्यायच्या तर मागच्या बाजूला दुसरी जड हातोडी टेकवून धरा, नाहीतर मार सगळा पाइपला लागतो.

## टप्पा ७: निपल खोलणं

सहा कोनी गोटी पूर्ण खाली बसवा. ड्रिल बिट काढली असेल तर उत्तम, गोटीत मावत असेल तर राहू द्या. आता पहिला रेटा घट्ट करण्याच्या दिशेने द्या. किंचित, केसभर. गंजाची पकड मोडायला कोणतीही दिशा चालते, आणि घट्ट करताना केसभर हलला तरी अर्धं काम झालं.

मग सोडवण्याच्या दिशेने. झटका देऊ नका, हळूहळू वाढता दाब द्या आणि हाताला काय कळतंय त्याकडे लक्ष ठेवा. दोन गोष्टी कळू शकतात. एक म्हणजे "टक्" असा कोरडा आवाज येऊन पाना एकदम थोडा सरकतो. गंज सुटला. दुसरी म्हणजे आवाज न होता पाना रबरासारखा लवचीक वळत जातो, सोडला की थोडा मागे येतो. तिथे धातू पिळतोय. याच जागी हात थांबला तर निपल वाचतो, आणखी पाव इंच गेला तर अर्धा हातात येतो. थांबा, तेल, टिचक्या, अर्धा तास, आणि पुन्हा.

टक् झाल्यावरही सरळ खोलत जाऊ नका. पाव फेरा सोडा, अष्टमांश घट्ट करा, तेल, पुन्हा पाव फेरा. गंजाचा चुरा आट्यांमध्ये दाटत जातो आणि एकाच दिशेने गेलात तर सुटलेला निपल मध्येच पुन्हा अडकतो. असा अडकलेला जास्त वाईट, कारण तेव्हा माणूस निर्धास्त झालेला असतो.

तपासा: निपल बाहेर आला की टोकाचा शंकू बघा. खळगा किंवा गोल चर दिसला तर नवीन लावा. ब्रेक ऑइल अडतं ते त्या शंकूवर, आट्यांवर नाही. म्हणूनच टेफ्लॉन टेप गुंडाळून गळती थांबत नाही, उलट टेपचा तुकडा आत जाऊन अडकू शकतो.

## टप्पा ८: पाइपचा नट

आधी दोन गोष्टी. नट सुटला की ब्रेक ऑइल ठिबकत राहतं आणि टाकी रिकामी झाली की मास्टर सिलिंडरमध्ये हवा शिरते, मग डोकेदुखी वाढते. ब्रेकचं पेडल इंच-दीड इंच खाली दाबून काठीने सीटच्या टेकूवर अडकवून ठेवा. तेवढ्याने मास्टर सिलिंडरचं आतलं भोक बंद होतं आणि गळती जवळपास थांबते. ब्रेक लाइट पेटलेली राहील, म्हणून बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. रबरी होजला पक्कड आवळून ऑइल अडवायची युक्ती मात्र करू नका. वरून काही दिसत नाही, पण आतला थर फाटतो.

आता होजचं टोक ब्रॅकेटला क्लिपने अडकवलेलं असेल. क्लिप काढायची घाई करू नका, तीच होजला वळू देत नाही. एका पान्याने होजचा षटकोन धरा, दुसऱ्याने, फ्लेअर नट पान्याने, पाइपचा नट सोडवा. दोन्ही पाने जवळजवळ समांतर ठेवून एका मुठीत आवळता आले तर सगळ्यात छान. जोर नटालाच लागतो, बाकी कशाला नाही.

नजर नटावर नको, पाइपवर ठेवा. पाइपवर मार्करने एक उभी रेघ मारा. नट फिरला आणि रेघ जागेवर राहिली तर काम नीट चाललंय. रेघ नटाबरोबर वळू लागली तर लगेच थांबा. नट पाइपला चिकटलाय आणि आणखी अर्ध्या फेऱ्यात पाइप जिलबीसारखा पिळून चिरेल. परत घट्ट करा, त्या दुसऱ्या फटीत तेल सोडा, नट मागे-पुढे थोडा थोडा हलवत राहा. वीस-पंचवीस मिनिटं गेली तरी चालतील. बहुतेकदा सुटतो.

आणि पाइप बदलायचाच ठरलं असेल तर एवढी मिनतवारी कशाला? नटाच्या अगदी लगत पाइप कापा आणि नटावर सरळ सहा कोनी गोटी घाला. दोन तासांचं काम दोन मिनिटांत. पाइप वाचवायचा की टाकायचा, हे पाना हातात घ्यायच्या आधी ठरलेलं असावं.

## टप्पा ९: बॅन्जो बोल्ट

हा तुलनेने दणकट. सहा कोनी गोटी, कॅलिपर गाडीलाच बांधलेला, आणि आधी केसभर घट्ट करून मग ढिला. दोन्ही बाजूंच्या तांब्याच्या वॉशर नवीन घ्या. जुन्या एकदा दबलेल्या असतात, परत लावल्या की पाझरतात.

## टप्पा १०: उष्णता, शेवटी आणि जपून

लोक इथे पहिल्यांदा येतात, यायचं असतं सगळं करून झाल्यावर.

उघडी ज्योत मी घरी वापरत नाही. जवळ रबरी होज, पिस्टनचं सील, आत ब्रेक ऑइल, बाहेर पेटणारं तेल. गरम हवा फेकणारी हीट गन घ्या. तेल आधी पुसून, पाण्याने आणि साबणाने धुऊन, सुकवून घ्या. निपलला नाही, त्याच्या भोवतालच्या धातूला ऊब द्या. बाहेरचा धातू फुगला की आतल्याची पकड सैल होते. पाणी टाकल्यावर चुरचुरेल एवढं पुरे, लाल करायचं नाही. मग मेणबत्ती बुडाशी टेकवा. मेण वितळून आट्यांत ओढलं जातं आणि वंगणाचं काम करतं. पाच मिनिटं निवू द्या, मग पाना. गरम केलेल्या कॅलिपरचं आणि व्हील सिलिंडरचं (ड्रमच्या आतल्या लहान सिलिंडरचं) रबर किट बदलायचं हे गृहीत धरा.

जिवाचा धोका: ब्रेक क्लीनर मारलेल्या जागेला कधीही ज्योत, हीट गन किंवा वेल्डिंग लावू नका. काही क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रव असतं, ते तापलं की फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होतो. डब्यावर काय लिहिलंय ते वाचा, आणि ज्या दिवशी उष्णता द्यायचीय त्या दिवशी क्लीनरचा डबा घरातच ठेवा.

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास असताना दुपारी उन्हात हे काम काढू नका. धातू तापतो तो आतला-बाहेरचा सारखाच, त्याचा फायदा शून्य. तेल मात्र उडून जातं आणि डोकंही तापतं. डोकं तापलं की पक्कड हातात येते.

## टप्पा ११: कोना गोल झाला किंवा निपल तुटलाच

कोना नुकताच गोल झाला असेल तर १० मिमीच्या नटावर ३/८ इंची सहा कोनी गोटी हातोडीने ठोकून बसवा. ती साडेनऊ मिमीची, म्हणून आवळून बसते. तेही नाही जमलं तर व्हाइस ग्रिप, म्हणजे आवळून लॉक होणारी पक्कड. पण आधी निपलच्या भोकात घट्ट बसणारी ड्रिल बिटची दांडी घाला. पोकळ निपल व्हाइस ग्रिपने चेपला की तो आट्यांमध्ये आणखी रुततो.

तुटला असेल तर तीन रस्ते आहेत, आणि माझी पसंती क्रमाने सांगतो.

मागचं व्हील सिलिंडर असेल तर तेच बदला. किंमत आणि मनस्ताप, दोन्हींचा हिशेब केला तर तेच परवडतं. एका बाजूचं बदललं तर दुसऱ्या बाजूचंही बदला.

कॅलिपर असेल तर तो काढा, पिस्टन आणि सगळं रबर काढून कोरडा करा, आणि वेल्डिंगवाल्याकडे न्या. तुटलेल्या तुकड्यावर नट ठेवून आतून वेल्ड मारतात. नट मिळतो आणि वेल्डिंगची उष्णताही मिळते, लोखंडी कॅलिपरमध्ये बऱ्याचदा तेवढ्यावर सुटतो. त्याला ब्रेक क्लीनरचं आधीच सांगा.

तिसरा रस्ता ड्रिल मारून उलट्या आट्याचा एक्स्ट्रॅक्टर घालण्याचा. हा मी घरी सुचवत नाही. एक्स्ट्रॅक्टर कडक पोलादाचा असतो, तो आत तुटला की त्याला साधी ड्रिल लागत नाही, आणि कॅलिपर भंगारात जातो.

एम-सील लावून तुटका निपल बुजवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. ब्रेक दाबल्यावर आतला दाब काय असतो याची कल्पना असलेला माणूस ते करणार नाही. त्या गाडीत मुलांना बसवू नका.

## टप्पा १२: परत बसवणं

आटे ब्रशने साफ करा. नवीन निपल आणि नट पहिले तीन-चार फेरे बोटांनीच फिरले पाहिजेत. पाना लागत असेल तर आटा वाकडा धरलाय, बाहेर काढा. पाइपचा नट आधी होज ब्रॅकेटला न आवळता लावा, म्हणजे सरळ रेषेत धरता येतो.

निपलच्या आट्यांच्या वरच्या भागाला ब्रेकसाठी मिळणारं सिरॅमिक ग्रीस बारीकसं लावा, टोकाच्या शंकूला नाही. चाकाचं साधं ग्रीस इथे नको, ते रबराला लागतं. आणि टोपी लावा. रबरी टोपी हरवली तर नवीन घ्या. पुढच्या वेळी हा सगळा खटाटोप वाचवणारी वस्तू तीच आहे.

आवळताना दंड वापरू नका, मनगट वापरा. "गळू नये म्हणून थोडं जास्त" आवळलेला निपल पुढच्या माणसाच्या हातात तुटतो, आणि पुढचा माणूस बहुधा तुम्हीच असता.

## टप्पा १३: हवा काढणं आणि खात्री

ऑइल गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच, बंद डब्यातलं. डॉट ३ किंवा डॉट ४. उघडा पडलेला डबा हवेतली ओल पितो आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो: नवीन डॉट ३ किमान २०५ अंशांना उकळायला लागतं, ओल प्यालेलं १४० च्या आसपास. गौताळ्याचा किंवा चांदवडचा घाट उतरताना हा फरक पेडलखाली कळतो.

उजव्या स्टीअरिंगच्या साध्या गाडीत मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं, असा लांबून जवळ क्रम धरतात. एबीएस किंवा तिरपी जोडणी (पुढचं एक चाक आणि विरुद्ध बाजूचं मागचं चाक एकाच लाइनवर) असेल तर पुस्तकातला क्रम पाळा. टाकीवर लक्ष ठेवायला दुसरा माणूस हवाच. काढलेलं ऑइल पुन्हा टाकीत ओतू नका, शेतात किंवा विहिरीकाठीही ओतू नका. बाटलीत भरून गॅरेजवाल्याच्या जुन्या तेलात द्या.

आता खात्री. इंजिन बंद ठेवून पेडल जोरात दाबा आणि अर्धा मिनिट धरून ठेवा. खाली सरकत गेलं तर कुठेतरी गळतंय, रस्त्यावर नेऊ नका. कडक राहिलं तर पाय तसाच ठेवून इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली जाईल, ते पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरचं काम आहे, घाबरू नका. दुसऱ्या माणसाला पेडल दाबून धरायला सांगा आणि प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवा. नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका, पातळ ओल डोळ्याला दिसत नाही, कागदाला लागते.

मग चाकं लावून, नट आवळून, मोकळ्या मैदानात बैलगाडीच्या वेगाने दोन-चार वेळा ब्रेक मारा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर ज्या बाजूला ओढते तिच्या विरुद्ध बाजू आधी तपासा. तिथे हवा राहिली असेल किंवा पॅडला तेल लागलं असेल.

रात्री चारही चाकांच्या आतल्या बाजूला जमिनीवर कोरडं वर्तमानपत्र पसरा, वर दगड ठेवा. सकाळी डाग असेल तर गाडी बाहेर काढायची नाही.